नकाशातले दार दिसले पाहिजे

आपल्या कोकणातल्या मोहल्ल्यांत ड्राफ्ट्समन हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा कोर्स करायचा, एखाद्या इंजिनिअरच्या हाताखाली थोडे दिवस काढायचे आणि मग आखाताची वाट धरायची, हा कित्येक घरांचा परिपाठ आहे. कुणाचा भाचा दुबईत आहे, कुणाचा जावई कुवेतला. त्यांच्या कमाईवर बहिणींची लग्ने झाली, घरांवर स्लॅब पडले. पण ही मुले दिवसभर बसून जे काढतात तो नकाशा घरातल्या किती जणांना वाचता येतो? आणि तोच नकाशा जमातीच्या किंवा शाळेच्या सभेत भिंतीवर दाखवला, तर मागच्या रांगेतल्या माणसाला त्यातले काय दिसते?

आम्ही एका उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. शाळेत संगणकाची खोली झाली तेव्हा तिची किल्ली आमच्याकडे आली आणि आजवर आमच्याकडेच आहे. त्यामुळे ‘सर्वांना दिसेल असे करून द्या’ म्हणून येणारे काम आमच्या टेबलावर येते. भाषेच्या शिक्षकाने इमारतीच्या नकाशांवर लिहावे हे कुणाला विचित्र वाटेल. पण लिहिलेले वाचता आले पाहिजे, हा आमचा रोजचाच धंदा आहे.

मुळात हा विषय आमच्या मनात घर करून बसला तो एका दारामुळे.

काही वर्षांपूर्वी शाळेत मुलींसाठी नवे स्वच्छतागृह बांधायचे ठरले. नकाशा तयार झाला आणि संस्थेच्या सभेत प्रोजेक्टरवर दाखवण्यात आला. नकाशा काढणारा माणूस कामात तरबेज होता. त्याने कागदावर काढून दिलेल्या नकाशावरून गवंड्यांनी कितीतरी घरे बिनचूक उभी केली होती. पण त्या दिवशी भिंतीवर आला तो कागद नव्हता. मोठ्या शीटचे एक चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून कुणाकडे तरी आले होते आणि तिथून ते थेट स्लाइडवर चिकटवले होते. पुढच्या रांगेतल्यांना राखाडी चौकोन दिसले. मागे बसलेल्या आयांना तेवढेही दिसले नाहीत. अध्यक्षांनी विचारले, ‘कुणाला काही शंका?’ शंका यायला काहीतरी दिसावे लागते. सगळे म्हणाले, ‘मंजूर, मंजूर.’

स्वच्छतागृह उभे राहिले तेव्हा त्याचे दार थेट मैदानाकडे तोंड करून होते. मैदानावर मुलांचा खेळाचा तास चाले. त्या सहामाहीत सातवी-आठवीच्या मुलींच्या पाण्याच्या बाटल्या भरलेल्या येत आणि भरलेल्याच घरी जात. जायलाच नको म्हणून मुली पाणी पीत नव्हत्या. दोन आयांनी हे शाळेत येऊन सांगितले, तेव्हा कुठे समितीला कळले. मग भिंत फोडली, दार बाजूला घेतले, आडोशाची भिंत बांधली. खर्च दुप्पट झाला तो वेगळाच.

पुढे मूळ नकाशाची फाइल आमच्या हातात आली. ती उघडली तेव्हा उलगडा झाला. दार नकाशात होते, अगदी बरोबर दाखवलेले होते, फक्त ते पिवळ्या रेषेत होते. ऑटोकॅडमध्ये नकाशा काढताना पडदा सहसा काळा असतो. काळ्यावर पिवळी, आकाशी, पोपटी रेष झकास उठून दिसते. म्हणून भिंतींना एक रंग, दारे-खिडक्यांना दुसरा, मापांना तिसरा असे रंग दिले जातात. पण तोच नकाशा रंगांसकट पांढऱ्या पार्श्वभूमीवर आला की पिवळी रेष जवळजवळ नाहीशी होते. त्यावर उजेडाच्या खोलीतला प्रोजेक्टर असला, तर उरलेसुरलेही पुसून जाते. त्या सभेत सगळ्यांनी दारच नसलेल्या नकाशाला मंजुरी दिली होती.

तेव्हापासून नकाशाचे चित्र कसे करावे याची माहिती आम्ही जमवत गेलो. पुढच्या कामाच्या वेळी आमचीच एक माजी विद्यार्थिनी मदतीला आली. तिने आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. तिला नकाशा येत होता, आम्हाला वाचणारे माहीत होते. दोघांनी मिळून जे बसवले ते इथे सांगतो. घरात कुणी हे काम करणारे असेल तर त्याला हा अंक जरूर वाचायला द्या.

पहिली गोष्ट म्हणजे हिशेब. इमारतीचा नकाशा बऱ्याचदा ए-१ आकाराच्या कागदावर काढतात. हा कागद ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचा असतो. त्यावरचे बारीक अक्षर अडीच मिलिमीटर उंच असते. कागद टेबलावर पसरून वाकून वाचला तर ते छान वाचता येते. आता हाच अख्खा कागद स्लाइडवर बसवा. आजच्या साधारण चांगल्या प्रोजेक्टरचे चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचे असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. कागदाची ५९४ मिलिमीटर उंची १०८० पिक्सेलमध्ये कोंबायची, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त येते. अडीच मिलिमीटरच्या अक्षराला साडेचार पिक्सेल मिळतात. पाव मिलिमीटर जाडीच्या रेषेला अर्धा पिक्सेलही मिळत नाही. शाळांतून अजून १०२४ बाय ७६८ पिक्सेलचे जुने प्रोजेक्टर आहेत. त्यांवर त्या अक्षराला जेमतेम तीन पिक्सेल उरतात. वेलांटी, रफार आणि अनुस्वार असलेले देवनागरी अक्षर तीन पिक्सेलमध्ये कसे मावणार? उर्दूचे नुक्ते तर विचारूच नका. एका नुक्त्याच्या फरकाने ‘बे’चा ‘नून’ होतो.

म्हणून फाइलचा प्रकार, सॉफ्टवेअर यांच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो. अख्खी शीट एका स्लाइडवर दाखवायची नाही. कितीही चांगली फाइल केली तरी हा हिशेब बदलत नाही. पहिल्या स्लाइडवर इमारतीची नुसती बाह्यरेषा दाखवावी, म्हणजे कोणता भाग कुठे आहे हे कळते. त्यानंतर एका स्लाइडवर एकच प्रश्न घ्यावा. दार कुठे आहे? जिना किती रुंद आहे? पाण्याची टाकी कुठे बसते? त्या प्रश्नापुरताच तुकडा घ्यायचा आणि त्याला नको असलेले थर बंद करायचे. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंती, दारे, मापे, वायरिंग, नळ असे वेगवेगळे थर असतात. त्यांना लेयर म्हणतात. सभेला वायरिंग दाखवायचे नसेल तर तो लेयर बंद करावा. फाइलमधून काहीही पुसले जात नाही, फक्त चित्रात येत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. नकाशा छापताना किंवा त्याची पीडीएफ करताना ऑटोकॅडमध्ये प्लॉट स्टाइल निवडता येते. त्यात मोनोक्रोम नावाची एक तयार शैली असते. ती निवडली की सगळ्या रंगांच्या रेषा काळ्या होतात. आमचे पिवळे दार एवढ्या एका निवडीने दिसले असते. मग ज्या एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे, तिलाच गडद लाल किंवा गडद निळा रंग द्यावा. पिवळा, आकाशी आणि पोपटी हे रंग पांढऱ्यावर वापरूच नयेत. सगळ्या वडीलधाऱ्यांना लाल-हिरवा फरक दिसतोच असे नाही, म्हणून रंगाबरोबर रेष जाडही करावी.

तिसरी गोष्ट जाडीची. कागदावर पाव मिलिमीटरची रेष नाजूक आणि सुंदर दिसते, भिंतीवर ती राखाडी धूर होते. भिंतीची रेष चित्रात निदान चार-पाच पिक्सेलची आणि मापाची रेष निदान दोन पिक्सेलची यावी, असे आम्ही ठरवले आहे. अक्षरासाठी आमचा ढोबळ नियम असा की १०८० पिक्सेल उंचीच्या चित्रात अक्षर ४० पिक्सेलहून लहान नको. हा नियम पाळला की स्लाइडवर फार मजकूर मावतच नाही. तो फायदाच आहे.

आता फाइलच्या प्रकाराविषयी. जेपीजी हा प्रकार छायाचित्रांसाठी बनला. तो चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे लहान चौकोन पाडतो आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील टाकून देऊन फाइल लहान करतो. ईदच्या दिवशी काढलेल्या फोटोत हे कळत नाही. पण पांढऱ्या कागदावर काळी बारीक रेष असली, की तिच्या कडेला धूळ बसल्यासारखे डाग उमटतात. फाइल पुन्हा पुन्हा जेपीजीत साठवली की धूळ वाढत जाते. पीएनजी हा प्रकार १९९६ साली आला. तो फाइल लहान करतो, पण एकही पिक्सेल टाकत नाही. नकाशासारख्या रेषांच्या चित्राची पीएनजी पुष्कळदा जेपीजीपेक्षा लहानही होते. म्हणून फोटोला जेपीजी आणि नकाशाला पीएनजी, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

तिसरा प्रकार एसव्हीजी. त्यात पिक्सेल नसतात. रेष इथून निघाली आणि तिथे पोचली, एवढीच नोंद असते. त्यामुळे कितीही मोठे केले तरी चित्र फाटत नाही. पॉवरपॉइंटच्या नव्या आवृत्त्या एसव्हीजी घेतात, जुन्या घेत नाहीत. सभेतला लॅपटॉप बहुधा दुसऱ्या कुणाचा असतो आणि त्यात काय निघेल याचा भरवसा नसतो. तिथे पीएनजीच कामी येते.

आम्ही वापरतो ती पद्धत अशी. आधी नकाशाच्या हव्या त्या भागाची पीडीएफ करायची, मोनोक्रोम शैली लावून. ही पीडीएफ इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडायची आणि तिथून पीएनजी बाहेर काढायची. काढताना रुंदी पिक्सेलमध्ये विचारतात. पूर्ण स्लाइड व्यापायची असेल तर १९२० लिहावे. सभेत एखादा भाग मोठा करून दाखवण्याची वेळ येईल असे वाटले तर दुप्पट, म्हणजे ३८४० लिहावे. ज्यांच्याकडे ऑटोकॅड नाही त्यांच्यासाठी लिब्रेकॅड हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात साध्या नकाशांचे काम होते आणि थेट चित्र काढण्याची सोयही आहे. पार्श्वभूमी पांढरी हवी की काळी, रेषा रंगीत हव्यात की काळ्या, हे तिथेच विचारले जाते. पडद्याचा स्क्रीनशॉट मात्र घेऊ नये. स्क्रीनशॉटमध्ये पडद्यावर जेवढे पिक्सेल आहेत तेवढेच येतात, वर काळी पार्श्वभूमी आणि बाजूची बटणेही येतात.

चित्र चांगले झाले तरी वाटेत ते बिघडवणारे दोन ठग आहेत. एक व्हॉट्सअ‍ॅप. त्यावर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. दुसरा ठग खुद्द पॉवरपॉइंट. फाइल साठवताना तो चित्रे आपणहून लहान करू शकतो. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड असे जात इमेज साइज अँड क्वालिटी या भागात ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’ असा पर्याय आहे. चित्रे टाकण्याआधीच तिथे खूण करून ठेवावी. आणि स्लाइडवर चित्र लहान-मोठे करताना कोपरा धरून ओढावे. बाजू धरून ओढले की चौकोनी खोली लांबट होते, आणि मग पाहणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा?

आता आमचा खास विषय, अक्षरे. आमच्या सभेत तीन लिप्यांचे लोक बसतात. इंजिनिअरचा नकाशा इंग्रजीत असतो. संस्थेची कागदपत्रे मराठीत असतात. पुष्कळशा आया आणि खाला उर्दू वाचतात. नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या धाटणीच्या फाँटांत देवनागरीची आणि उर्दूची अक्षरेच नसतात, त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. काही सॉफ्टवेअरमध्ये उर्दू अक्षरे एकमेकांपासून तुटून सुटी उभी राहतात, तीही उलट्या क्रमाने. त्याच्याशी झगडण्यात आम्ही वेळ घालवत नाही. नकाशाच्या चित्रात फक्त रेषा आणि आकडे ठेवतो. ‘दार’, ‘जिना’, ‘मुलींचा नळ’ हे शब्द स्लाइडवर चित्राच्या वरून टाइप करतो, मराठीत आणि खाली उर्दूत. शब्द बदलायचा झाला तर नकाशा पुन्हा काढावा लागत नाही. शेवटी सगळ्या स्लाइडची पीडीएफ करून तीच सभेला नेतो. पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उर्दूचा फाँट नसला तरी अक्षरे शाबूत राहतात.

मापांचेही तसेच. नकाशात मापे मिलिमीटरमध्ये असतात आणि आपली माणसे फुटांत विचार करतात. म्हणून ज्या मापावर चर्चा व्हायची आहे, त्याच्याखाली फूटही लिहावेत. नकाशाला धक्का लागत नाही आणि मापाचा अर्थ सर्वांपर्यंत पोचतो.

हे सगळे करून आम्ही पुढच्या सभेला गेलो. विषय होता पिण्याच्या पाण्याच्या नळांचा कट्टा. सभेच्या अर्धा तास आधी त्या मुलीने प्रोजेक्टर लावला. खोलीतले दिवे चालूच ठेवले, कारण सभेत ते चालूच असतात. मग ती सर्वांत मागच्या रांगेत जाऊन बसली आणि तिथून एकेक आकडा मोठ्याने वाचू लागली. एक आकडा तिला वाचता आला नाही. तो आम्ही तिथल्या तिथे मोठा केला.

सभेत पाच स्लाइड झाल्या. तिसऱ्या स्लाइडवर नळाची उंची होती, १०५० मिलिमीटर, खाली साडेतीन फूट. मागच्या रांगेतून एक वयस्कर खाला उभ्या राहिल्या. त्यांची नात पहिलीत होती. त्या म्हणाल्या, ‘साडेतीन फुटांवर माझ्या नातीची हनुवटी येते. ती हात वर करून पाणी घेणार, म्हणजे पाणी कोपरापर्यंत ओघळणार. थंडीत सारी बाही ओली घेऊन पोर वर्गात बसणार का?’ सभा हसली, आणि मग एकदम गंभीर झाली. कारण बोलणे खरे होते. त्याच बैठकीत ठरले की निम्मे नळ लहान मुलांच्या उंचीचे करायचे. नकाशा काढणाऱ्या मुलीने लगेच वहीत नोंद केली. कट्टा अजून बांधायचा होता. कागदावरची एक रेष खाली आणायला काही खर्च येत नाही.

त्या खाला शाळेच्या कोणत्याही समितीवर नाहीत. नकाशा कसा काढतात हे त्यांना ठाऊक नाही. पण लहान मुलीचा हात कुठवर पोचतो, हे त्या खोलीत त्यांच्याइतके कुणालाच माहीत नव्हते. आपल्याकडे मशवरा घेण्याची रीत आहे आणि ती चांगलीच आहे. पण ज्याला दिसलेच नाही त्याचा मशवरा घेतला असे कसे म्हणायचे? धूसर चित्र दाखवून होकार घेतला की निर्णय घेणारे फक्त पुढच्या रांगेतले चार जण उरतात. आणि ज्यांना ती इमारत रोज वापरायची आहे, त्या मुली आणि त्यांच्या आया बहुधा मागे बसलेल्या असतात.

आता आमच्या शाळेत आठवीची मुले लिब्रेकॅडवर आपल्या वर्गाचा नकाशा काढतात. टेप घेऊन भिंत मोजतात, फळा मोजतात, दार कुठल्या बाजूला उघडते ते पाहतात. मग त्याची पीएनजी करून भिंतीवर लावतात आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाने ती वाचून दाखवायची असते. त्याला वाचता आले नाही तर दोष त्याच्या डोळ्यांना द्यायचा नाही, चित्र पुन्हा करायचे. नकाशा काढण्याचे काम मुलींना फार चांगले जमते, हेही आम्ही अनुभवाने सांगतो. ज्या घरांत मुलीच्या दहावीनंतर काय हा विचार चालू आहे, त्यांनी आयटीआयच्या या कोर्सची चौकशी अवश्य करावी.

आणि वाचकहो, एक विनंती. तुमच्या जमातीत, सोसायटीत, शाळेत कधी ना कधी एखादा नकाशा भिंतीवर लागेलच. मदरशाची खोली असेल, कब्रस्तानची कुंपणभिंत असेल, शादीखान्याचे स्वयंपाकघर असेल. तुम्ही मागे बसलेले असाल तर लाजू नका. आधी दार शोधा. मग ते कुठे उघडते ते पाहा. दोन्ही दिसेपर्यंत ‘मंजूर’ म्हणू नका.